बॅकटेस्ट चांगली आलीय, आता थेट खऱ्या पैशांनी चालवून स्ट्रॅटेजी सुधारत नेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या १५ मिनिटांच्या रेंज ब्रेकआउटचा (त्या १५ मिनिटांतल्या उच्चांक-नीचांकाबाहेर भाव गेला की ट्रेड घ्यायचा) कोड पायथनमध्ये लिहून झालाय, निफ्टीतल्या शेअरच्या मागच्या ५ वर्षांच्या डेटावर चालवून बघितलाय, म्हणजे बॅकटेस्ट केलीय, आणि निकाल चांगले आलेत, २ लाख बाजूला काढलेत. आता पेपर ट्रेडिंगमध्ये (खोट्या पैशांच्या सरावात) वेळ न घालवता लाइव्ह चालवायचं आणि रोज संध्याकाळी निकाल बघून स्ट्रॅटेजी सुधारायची, हे चालेल का?

लाइव्ह लवकर जा, पण एका कंपनीचा एकच शेअर घेऊन. पण रोज संध्याकाळी स्ट्रॅटेजीला हात लावू नका. मी स्वतः सुरुवातीचे सात-आठ महिने नेमकं तेच करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑर्डर कशी भरली जाते, खर्च किती येतो, कोड कुठे फसतो, हे लाइव्हमध्ये महिन्याभरात कळतं. स्ट्रॅटेजीत खरंच पैसे आहेत का, हे मात्र महिन्याभरात कळूच शकत नाही. हिशोब करून बघा. समजा खर्च वजा जाता एका ट्रेडमागे सरासरी ०.१ टक्का सुटतो, आणि एकेका ट्रेडचा निकाल त्या सरासरीभोवती १.५ टक्क्याने वरखाली होतो. हा ०.१ निव्वळ नशिबाचा नाही असं थोड्याफार खात्रीने म्हणायचं, तर सरासरीतली संभाव्य चूक तिच्या निम्म्यावर, म्हणजे ०.०५ वर यायला हवी. ही चूक ट्रेडच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. १.५ भागिले ०.०५ म्हणजे ३०, आणि ३० चा वर्ग ९००. रोज एक ट्रेड धरला, वर्षाला बाजाराचे साधारण २५० दिवस धरले, तर साडेतीन वर्षांहून जास्त. दहा कंपन्यांच्या शेअरमध्ये चालवलं म्हणून हा काळ दहापट कमी होत नाही, कारण निफ्टी आपटला की दहाही बरोबरच आपटतात.

आणि सोमवारी तोटा झाला म्हणून तुम्ही स्टॉपलॉस (तोटा इतका झाला की आपोआप बाहेर पडण्याची ऑर्डर) ०.८ टक्क्यांचा १.१ केलात, की ती मोजणी पुन्हा एकपासून सुरू. ३ आणि ४ जून २०२४ आठवा. निवडणूक निकालाच्या आदल्या दिवशी निफ्टी ३ टक्क्यांहून जास्त चढला आणि निकालाच्या दिवशी जवळपास ६ टक्के पडला. त्या आठवड्यात ज्याने लाइव्ह सुरू केलं असेल, त्याने रोज संध्याकाळी बसून काय सुधारलं असतं? नियम बदलायचेच असतील तर बॅकटेस्टच्या डेटावर, आधी कारण लिहून बदला. लाइव्हच्या कालच्या निकालावर नको.

मग लाइव्हमध्ये बघायचं काय? ट्रेडगणिक दोन भाव लिहा: सिग्नल आला तेव्हाचा आणि प्रत्यक्ष मिळालेला. हा फरक म्हणजे स्लिपेज. त्यात चढउतार कमी असतो, म्हणून तीस-चाळीस ट्रेडमध्ये अंदाज बसतो. सोबत कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकर रोज पाठवतो ते व्यवहारांचं बिल) उघडून खर्च मांडा. १ लाखाचे शेअर इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी, घेऊन विकले, तर दोन्ही बाजूंची ब्रोकरेज २० प्रमाणे ४०, विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) म्हणजे २५, वर एक्स्चेंजचे चार्जेस, स्टँप ड्युटी, जीएसटी. मिळून साधारण ८० रुपये. म्हणजे ०.०८ टक्के. ब्रेकआउटला भाव पळत असतो, तिथे घेताना आणि स्टॉपलॉसला विकताना आणखी ०.०५ टक्के सहज जातात. तुमच्या बॅकटेस्टमध्ये हे दोन्ही आकडे धरलेत का? प्रश्नात उल्लेख दिसला नाही, म्हणून विचारतो. शिवाय आजचे निफ्टीतले शेअर घेऊन ५ वर्षं मागे जाऊ नका. ट्रेंट सप्टेंबर २०२४ मध्ये निफ्टीत आला, तो त्याआधी भरपूर वाढला म्हणूनच. तो २०२१ पासून यादीत धरला, तर विजेता आधीच माहीत असल्यासारखं होतं.

पेपर ट्रेडिंगमध्ये न दिसणारी एक गोष्ट लिमिट ऑर्डरची, म्हणजे 'या भावाला किंवा त्याहून स्वस्त मिळालं तरच घे' अशा ऑर्डरची. सिम्युलेटर समजतो की भाव लिमिटला टेकला की माल मिळाला. खऱ्या बाजारात तुमच्यापुढे रांग असते. भाव टेकून वर निघून गेला तर तुम्ही रांगेतच राहता, आणि भाव तुमच्या अंगावर पडत आला तर मात्र पूर्ण माल मिळतो. माझ्या वहीत न मिळालेल्या ऑर्डर मी लाल पेनाने लिहायचो. महिन्याअखेर पाहिलं तर सगळ्यात चांगले ट्रेड बहुतेक लाल होते.

आता कोड फसतो कसा ते सांगतो. एका वेळी एकच शेअर घेऊन दोन महिने सुरळीत गेले म्हणून मी ४० शेअरवर गेलो. पहिल्याच आठवड्यात, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, साधारण १६०० रुपये भाव असलेल्या एका कंपनीच्या ४० शेअरची खरेदी लिमिटला गेली. ४० पैकी २३ मिळाले, भाव वर सरकला. मिनिटभरात न भरलेला भाग रद्द करायचा असं कोडमध्ये होतं, ते त्याने बरोबर केलं. पण `संख्या` नावाच्या माझ्या व्हेरिएबलमध्ये ४०च राहिले. स्टॉपलॉस ४० चा लागला. तासाभराने भाव खाली आला, स्टॉपलॉस लागला, २३ विकून वर १७ शॉर्ट झाले, म्हणजे हातात नसलेले शेअर विकले गेले; आता भाव वाढला की तोटा. कोडच्या मते माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून त्या १७ ना कसलाही स्टॉपलॉस नव्हता. मीटिंग संपल्यावर फोनवर पोझिशनमध्ये लाल रंगात -१७ दिसलं आणि पोटात गोळा आला. भाव तोवर १४ रुपयांनी वर. हाताने कापलं, २३८ रुपये गेले. रक्कम किरकोळ होती, पण हेच ४०० शेअरला झालं असतं तर?

एका शेअरची ऑर्डर अर्धवट भरली जाऊच शकत नाही, म्हणून दोन महिन्यांत ही चूक दिसली नव्हती. त्या दिवसापासून माझा कोड स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही. दर फेरीला ब्रोकरकडून पोझिशन (हातात खरंच किती शेअर आहेत) आणि ऑर्डर बुक (माझ्या ऑर्डरची यादी) मागवतो, जुळलं नाही तर नवीन ऑर्डर बंद आणि मला मेसेज. उत्तर यायला उशीर झाला म्हणून तीच ऑर्डर पुन्हा पाठवणं हाही याच जातीचा घोटाळा; आधी ऑर्डर बुक बघा, मग पाठवा.

बारीकसारीक गोष्टी बऱ्याच आहेत. १००० ते ५००० रुपयांच्या शेअरला एनएसईवर टिक (भावातला सगळ्यात लहान टप्पा) आता १० पैशांची आहे, १४३२.३७ ला पाठवलेली ऑर्डर रिजेक्ट होते. एका शेअरमागे एक बोनस शेअर मिळतो त्या दिवशी भाव निम्मा दिसतो, जसा रिलायन्सचा २८ ऑक्टोबर २०२४ ला, आणि कालच्या भावाशी तुलना करणारा कोड घाबरतो. 'शनिवार-रविवार बंद' असं गृहीत धरू नका, १ फेब्रुवारी २०२५ ला बजेटसाठी शनिवारी बाजार पूर्ण वेळ चालू होता; आणि लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंग ९:१५ ला सुरू होतच नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई पावणेबाराच्या सुमारास थांबलं आणि ३:४५ ला पुन्हा सुरू होऊन ५ पर्यंत चाललं. तुमचं ३:१५ चं स्क्वेअर ऑफ (दिवसअखेर सगळ्या पोझिशन बंद करणं) अशा दिवशी काय करेल, हे आत्ताच ठरवा.

बाजार चालू असताना कोड बदलायचा नाही, हे मी स्वतःला घातलेलं बंधन आहे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या ट्रेडिंग कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले. त्यांच्याकडे अख्खी टीम होती, आपण नोकरी सांभाळून करतो. म्हणून दिवसाच्या तोट्याची मर्यादा वेगळ्या, छोट्या प्रोग्रॅममध्ये ठेवा, स्ट्रॅटेजीच्या कोडमध्ये नको.

नियमांचं म्हणाल तर बाजाराची नियामक संस्था सेबीचं फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक वाचा. एपीआयने, म्हणजे कोडमधून थेट ब्रोकरकडे, ऑर्डर टाकायला स्थिर (न बदलणारा) आयपी पत्ता ब्रोकरकडे नोंदवावा लागतो. सेकंदाला १० ऑर्डरच्या आत असाल तर तुमची स्ट्रॅटेजी एक्स्चेंजकडे वेगळी नोंदवावी लागत नाही. रेंज ब्रेकआउटला तेवढ्या लागतही नाहीत.

२ लाखांपैकी १० हजारच ट्रेडिंग खात्यात ठेवा, एकच कंपनी निवडा, महिनाभर संख्या १. पुढच्या महिन्यात १०-१५, म्हणजे अर्धवट ऑर्डर दिसायला लागतील. स्लिपेज आणि खर्चाचे खरे आकडे हाती आले की ते बॅकटेस्टमध्ये घालून तीच ५ वर्षं पुन्हा चालवा. तो निकाल काय येतो ते इथेच कमेंटमध्ये लिहा, रिजेक्ट झालेल्या ऑर्डरचे मेसेजही टाका. मी नक्की बघेन.