कापडावर स्टेन्सिलनं नक्षी करून भिंतीवर लावायची आहे, पण रंग कडेनं पसरतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पणजीत भाड्याच्या घरात राहता, घरमालक भिंतीला रंग लावू देत नाहीत, म्हणून कापडावर नक्षी करून टांगायचा बेत आहे. उशीच्या अभ्र्यावर करून पाहिलं तर रंग स्टेन्सिलखाली शिरला आणि फुलांचे डाग झाले. मी फोंड्याला राहते. घरातले अभ्रे, टेबलावरची कापडं, चवथीला मखरामागे लावायचा पडदा हे सगळं मी असंच करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

रंग पसरतो याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: ब्रशवर रंग जास्त होतो. त्यात पाणी घातलं असेल तर विचारायलाच नको. फॅब्रिक कलर डबीतून जसा निघतो तसाच वापरा, थेंबभरही पाणी नको. ब्रश सपाट तोंडाचा आणि राठ केसांचा हवा. नसेल तर अंघोळीच्या स्पंजचा तुकडा चालतो. तो रंगात टेकवायचा आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर इतका टिपायचा की आता यानं काही उमटणार नाही असं वाटावं. त्यानंतरच कापडाकडे वळा. ब्रश उभा धरून ठोकायचा, ओढायचा नाही, आणि कडेकडून मधे यायचं. पहिल्या हाताला रंग फिका, ठिपक्याठिपक्यांचा दिसेल. दिसू द्या. पाचेक मिनिटांनी दुसरा हात द्या. एकाच हातात गडद करायला गेलं की रंग हमखास खाली उतरतो.

आता कापड. मांजरपाट किंवा जुनी सुती चादर उत्तम, पॉलिस्टर मिसळलेलं नको. नव्या कापडात खळ असते, तिच्यावर रंग धरत नाही, म्हणून आधी गरम पाण्यात धुवा. त्या वेळी कपडे मऊ करणारं द्रावण मात्र वापरू नका. कापड आटायचं तेही तेव्हाच आटून जातं. इस्त्री करून पुठ्ठ्यावर ताणून चिकटपट्टीनं बसवा. अभ्रा असेल तर पुठ्ठा आत सरकवा, नाहीतर रंग मागच्या बाजूलाही उमटतो.

स्टेन्सिलसाठी झेरॉक्सच्या दुकानात ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, मिळते. नक्षी तिच्यावरच छापून घेता येते आणि ती पारदर्शक असल्यामुळे जागेवर बसवायलाही सोपी. जुनी एक्स-रे फिल्म जास्त टिकते, पण जाड असल्यानं बोटं दुखतात. कापताना खाली काच ठेवा, आधी आतली बारीक भोकं कापा, बाहेरचे मोठे आकार शेवटी. वळणावर सुरी नाही, शीट फिरवा. बाजारात रांगोळीचे प्लास्टिकचे छाप मिळतात, त्यातले मोठ्या खाचांचे छाप कापडावरही छान चालतात. बारीक ठिपक्यांचे घेऊ नका, भोकं रंगानं बुजतात.

नक्षी कुठली निवडावी, यावर मात्र माझं ठाम मत आहे. स्टेन्सिलमध्ये मधला आकार गळून पडू नये म्हणून न कापलेल्या पट्ट्या, म्हणजे जोड, ठेवावे लागतात. नेटवरून मोराचं चित्र उतरवून त्यात नंतर जोड घुसडले की मोराला फ्रॅक्चर झाल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा जिथे जोड हाच चित्राचा भाग असतो अशी नक्षी घ्या. आपल्याकडची कावी, म्हणजे देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी नक्षी, बघा. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबडा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करतात, म्हणजे तांबड्या आकारांच्या मधे पांढऱ्या रेघा. तुमच्या स्टेन्सिलमधले जोड नेमके याच पांढऱ्या रेघा होतात. पाकळ्या वेगवेगळ्या कापायच्या, मधे तीन-चार मिलिमीटरची पट्टी ठेवायची, आणि सगळ्याला एकच तांबडा रंग. खरा गेरू कालवून लावायचा मोह होतो, पण त्याला धरून ठेवणारं काही नसतं, पहिल्या धुण्यात निघून जाईल. फॅब्रिक कलरमधलीच तांबूस तपकिरी छटा घ्या.

पणजीतच राहता तर निळ्या-पांढऱ्या फरशांची नक्षीही सोपी आहे. साधारण पंधरा सेंटिमीटरचा एकच चौकोन कापा, त्यात एका कोपऱ्यातून फुटणारी वेल. दर वेळी चौकोन काटकोनात फिरवत चार छाप मारले की मधे पूर्ण फूल तयार होतं. कापडावर आधी पेन्सिलीनं फिकट चौकटी आखून घ्या आणि एक सोडून एक चौकोन रंगवा, म्हणजे शेजारचा ओला छाप फासला जाणार नाही. दर छापानंतर शीटची मागची बाजू पुसा. हे टाळलं की दुसऱ्या फुलापासून डाग सुरू होतात.

रंग वाळवण्याबाबत पुस्तकी सल्ला गोव्यात पुरत नाही. डबीवर एका दिवसात वाळेल असं लिहिलेलं असलं तरी जुलै-ऑगस्टच्या हवेत मी दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवते. बोटाला गार किंवा चिकट लागत असेल तर थांबा. मग उलट बाजूनं, वाफ बंद करून, सुती कापडाच्या तापमानावर एकेका भागावर दोन-तीन मिनिटं इस्त्री फिरवत राहा. ती एका जागी ठेवू नका. यानंच रंग पक्का होतो. त्यानंतरही तीन दिवस धुऊ नका, आणि धुताना साधा साबण, गार पाणी.

टांगायला काचेची फ्रेम करू नका. चिऱ्याच्या भिंती पावसात ओल धरतात, ती काचेमागे अडकते आणि गणपतीपर्यंत बुरशीचे काळे ठिपके येतात. वरच्या कडेला नेफा शिवून त्यात बांबूची काठी घाला, दोरी बांधून एका खिळ्यावर लटकवा. कापड भिंतीला घासू नये म्हणून खालच्या कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाच्या चकत्या शिवा, मागून हवा खेळते. पावसाची झड लागणारी बाहेरची भिंत टाळा, आतली घ्या. शिवाय काठी काढली की कापड उन्हात टाकता येतं, फ्रेमचं तसं होत नाही.

डागाळलेला तो अभ्रा फेकू नका. मांजरपाटाच्या तुकड्यावर कावीचं मोठं फूल करून डागांवर ठिगळासारखं शिवून टाका.