थबकतंय मशीन, बोल कम्प्युटरला

नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापाचे नऊ दिवस, लागला की सीएनसी (कम्प्युटरच्या आज्ञांवर माल कापणाऱ्या) मशीनवाल्यांकडून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. एरवी इन्सर्ट (कापणारं पातं) कुठला, फीड (कटर सरकण्याचा वेग) किती, असं विचारणारी मंडळी मे महिन्यात एकच विचारतात, "कम्प्युटर बदलू का?" या खेपेला निवडलेल्या पाचांपैकी दोघांनी तर दुकानातून कोटेशनही आणून ठेवलंय.

प्रश्न : आमच्याकडे जुनं व्हीएमसी (कटर उभा फिरवणारं मिलिंग मशीन) आहे, कंट्रोल (मशीनचा स्वतःचा कम्प्युटर) फॅनुक ०आय-एमसी. डायचं (साच्याचं) फिनिशिंग लॅपटॉपवरून ड्रिप फीड करतो, म्हणजे प्रोग्रॅम केबलने ओळीओळीने पाठवतो. प्रोग्रॅममध्ये फीड १५०० आहे, पण बारीक रेडियस आला की मशीन गचके खातं आणि जॉबवर ठिपके उठतात. काहून होते असं? लॅपटॉप नवीन घेऊ? — हिंगणा एमआयडीसी

लॅपटॉप राहू द्या. आधी कागद-पेन घ्या.

तुमची केबल आरएस-२३२ ची. हे मानक १९६० सालचं, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठं. तुम्ही कळवलेलं सेटिंग ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. त्यात स्टार्ट बिट धरला की एका अक्षरामागे ११ बिट जातात. ९६०० ला ११ ने भागा : सेकंदाला साधारण ८७२ अक्षरं. आता तुमच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बघा, 'एक्स४५.२३७ वाय-१२.८८४ झेड-३.१०६'. मोकळ्या जागा सोडल्या आणि ओळ संपल्याच्या खुणा धरल्या तर ही २४ अक्षरं होतात. म्हणजे सेकंदाला ३६ ओळी. लॅपटॉप दोन लाखांचा आणा की वीस हजारांचा, त्या तारेतून ३७ वी ओळ जाणार नाही.

पुढचं पाप कॅममधलं, म्हणजे प्रोग्रॅम काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं. तुम्ही फिनिशिंगचा टॉलरन्स, म्हणजे खऱ्या आकारापासून चालणारा फरक, ०.००१ मिमी ठेवलाय. गोलाई सरळ तुकड्यांत मोडताना १ मिमीच्या रेडियसवर एकेक तुकडा सुमारे ०.०९ मिमीचा पडतो. सेकंदाला असे ३६ तुकडे म्हणजे सव्वातीन मिमी, मिनिटाला जेमतेम १९५. तुम्ही मागताय १५००. मशीन तुकडा संपवतं, पुढची ओळ आलेली नसते, ते थांबतं, ओळ येते, पुन्हा निघतं. कटर जिथे थांबून घासतो तिथे तुमचा ठिपका.

खात्री करायची असेल तर फीडचं बटण १० टक्क्यांवर आणा. गचके गेले तर अडचण तारेत. मग तोच रेडियसचा भाग तोडून छोटा प्रोग्रॅम करा, कंट्रोलच्या मेमरीत घाला आणि पूर्ण फीडवर चालवा. तिथेही गचके आले तर मात्र कंट्रोलचा स्वतःचा वेग कमी पडतोय, आणि तो उपचार वेगळा.

तार दोषी निघाली तर फुकटातले उपाय आधी. टॉलरन्स ०.०१ करा. त्याच रेडियसवर तुकडा ०.२८ मिमीचा होईल आणि मिनिटाला ६०० मिळतील. डायला पॉलिश मारणारच आहात, तिथे शतांश मिमी दिसत नाही. रफिंगला, म्हणजे आधीच्या ढोबळ कापणीला, जिथे अर्धा मिमी माल ठेवताय, तिथे ०.०५ सुद्धा चालेल. ओळींचे एन नंबर काढून टाका. एका ओळीत सहा अक्षरांचा नंबर म्हणजे ३६ च्या २९ ओळी, आणि तो नंबर वाचतं कोण? सपाट पातळीतल्या कमानी जी०२-जी०३ (एका ओळीत कमान कापायच्या आज्ञा) मध्ये येऊ द्या. बॉड १९२०० करून बघा, केबल चांगली असेल तर चालतं.

सगळ्यात बरं म्हणजे तारच सोडा. तुमच्या कंट्रोलला स्क्रीनशेजारी मेमरी कार्डची खाच आहे. २ जीबी किंवा त्याहून लहान सीएफ कार्ड ॲडाप्टरमध्ये घालून लावा, पॅरामीटर (कंट्रोलमधलं सेटिंग) २० मध्ये ४ भरा, १३८ चा सातवा बिट १ करा, म्हणजे कार्डावरूनच डीएनसी, म्हणजे हेच ड्रिप फीडचं काम, चालतं. (जुने आकडे लिहून ठेवल्याशिवाय पॅरामीटरला हात लावायचा नाही, हे हिंगण्यात सांगायला नको.) या कंट्रोलची मेमरी आजही '६४० मीटर' अशी कागदी टेपच्या लांबीत मोजतात. ते होतात २५६ केबी, मोबाइलवरच्या एका फोटोएवढेही नाहीत. डायचा प्रोग्रॅम त्यात मावत नाही म्हणून तर हा ड्रिप फीडचा संसार.

आणि चार्जर लावलेल्या लॅपटॉपची केबल चालू मशीनला खोचू नका. अर्थिंगमध्ये फरक असेल तर पोर्ट जळतो. माझा जळलाय.

प्रश्न : प्रोग्रॅम हाताने लिहिला. एक्स५० लिहिलं तर मशीन जागचं हललंच नाही. एन्कोडर गेला का? — आयटीआयचा विद्यार्थी

एन्कोडर, म्हणजे मशीन किती सरकलं ते मोजणारा भाग, ठणठणीत आहे. ५० च्या पुढे टिंब द्या. अनेक फॅनुक कंट्रोलवर टिंब नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये धरतात, म्हणजे तुमचं ५० हे ०.०५० मिमी झालं. मशीन हललं, तुम्हाला दिसलं नाही एवढंच. ३४०१ पॅरामीटरच्या शून्याव्या बिटाने ही सवय बदलता येते, पण बदलू नका. उद्या दुसऱ्या मशीनवर जाल, तिथे हा बिट वेगळा असेल आणि मग चूक उलट दिशेने होईल. ती जॉबला आणि टूलला महाग पडते.

प्रश्न : ॲल्युमिनियम हाउसिंगला १२० एच७ चं बोअर (१२० मिमीचं नेमक्या मापाचं भोक) करतो. सकाळचे जॉब पास, दुपारचे कस्टमरकडे जाऊन लहान भरतात. ऑपरेटर दिवसभर ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देत बसतो. सर्व्हिसवाला म्हणतो कंट्रोलचं कार्ड गरम होतंय. पॅनल उघडून टेबल फॅन लावला, समोर कूलरही ठेवला. फरक नाही. — बुटीबोरी

फरक पडणारच नाही, कारण कार्डाचा यात काही संबंध नाही. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण साडेअकरा. ड्रॉइंगवरचं माप जगभर २० अंशांचं धरतात. मेमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडखाली २० अंश कुठून आणणार? जॉब ४० अंशांवर, भोक मोजायचं पोलादी बोअर गेजही ४० वर. दोघंही सारखेच तापलेत म्हणून निर्धास्त राहू नका. दोघांच्या वाढीतला फरक साडेअकरा मायक्रॉन, गुणिले ०.१२ मीटर, गुणिले २० अंश, म्हणजे जवळपास ०.०२८ मिमी. १२० एच७ ला सगळी मिळून सूट ०.०३५. तुमचं गेज दुपारी तेवढं खोटं बोलतं. ऑपरेटर त्याच्यावर विश्वास ठेवून बोअर लहान राखतो, आणि कस्टमरच्या एसी खोलीत ते आणखी लहान निघतं. सकाळी २८ अंशांना हीच चूक ०.०११ असते, म्हणून सकाळचे जॉब सुटतात.

त्यातून जॉब मशीनवरून काढल्या काढल्या मोजत असाल तर तो गेजपेक्षाही गरम असतो. चूक आणखी वाढली.

करायचं एवढंच. त्याच हाउसिंगच्या ॲल्युमिनियमची एक रिंग १२० ला करून घ्या, एसी खोलीत २० अंशांवर मोजून घ्या, आकडा तिच्यावर कोरा आणि रिंग मशीनजवळ ठेवा. गेजचा शून्य त्या रिंगवर लावायचा. रिंग, जॉब आणि गेज एकाच टेबलावर अर्धा तास राहिले की उन्हाळा तिघांना सारखाच चावतो आणि हिशेबातून निघून जातो. काढलेला जॉब लगेच मोजायचाच असेल तर आधी कूलंटच्या टाकीजवळ गार होऊ द्या. सकाळी मशीन थंड असताना पहिली पंधरा मिनिटं रिकामंच फिरवा, स्पिंडल (कटर फिरवणारा दांडा) आणि स्क्रू तापून स्थिरावतात.

आता तुमच्या फॅनबद्दल. पॅनलचं दार उघडं ठेवून पंखा मारणं हा नागपुरातला जुना रोग आहे. आत जाते ती नुसती हवा नसते, तिच्यासोबत कूलंटची वाफ आणि लोखंडाचा बारीक कीस जातो आणि ड्राइव्हच्या कार्डावर चिकटून बसतो. उन्हाळा निघतो, आणि पावसाळ्याच्या पहिल्या दमट आठवड्यात तेच कार्ड शॉर्ट होतं. मग मालक म्हणतो, "उन्हाळ्यात तर बरं चाललं होतं." कूलरचं तर विचारूच नका. खसचा गारवा माणसाला गोड लागतो, पण त्यातून येणारा ओलावा उघड्या पॅनलला आणि पॉलिश केलेल्या जॉबला गंज देतो. दार बंद करा, पॅनलच्या एसीची जाळी काढून धुवा. मी एका शेडमध्ये ती जाळी काढली तेव्हा तिच्यावर गोधडीसारखा थर होता, आणि मशीन रोज दुपारी तीनला ओव्हरहीटने बंद पडायचं. धुतल्यावर थांबलं.

प्रश्न : मोल्डचा रफिंग टूलपाथ (कटरचा मार्ग) काढायला कॅमला ४० मिनिटं लागतात. पुतण्या म्हणतो दीड लाखाचं गेमिंग मशीन घ्या, मोठं ग्राफिक्स कार्ड टाका. — वाडी

पुतण्याला गेम खेळायचाय असा माझा अंदाज आहे. चूक असेल तर माफी.

टूलपाथचा हिशेब बहुतेक कॅममध्ये प्रोसेसर करतो. ग्राफिक्स कार्ड मॉडेल फिरवताना आणि सिम्युलेशन दाखवताना कामाला येतं. उद्या हिशेब चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. बारा भागांच्या प्रोसेसरचा एकूण वापर ८-१० टक्क्यांवरच अडकला असेल तर एकच भाग राबतोय, बाकीचे बसलेत. तेव्हा जास्त भागांचा नाही, प्रत्येक भाग जलद असलेला प्रोसेसर लागतो. म्हणूनच स्वस्तात मिळणारी जुनी सर्व्हर वर्कस्टेशनं इथे निराश करतात : भाग पुष्कळ, वेग कमी. मेमरी भरून डिस्क शंभर टक्क्यांवर दिसली तर ३२ जीबी रॅम आणि एसएसडी टाका, तेवढ्यात भागेल.

पण त्याच्याही आधी प्रोग्रॅम बघा. तुम्ही पाठवलेल्या फाइलमध्ये रफिंगला फिनिशिंगचाच टॉलरन्स आहे, आणि बाउंडरी न आखल्याने कॅम मोल्डच्या बाहेरच्या सपाट पट्टीवरही मार्ग शोधत बसतो. बाउंडरी आखली, टॉलरन्स ०.०५ केला, तर माझ्याकडच्या सहा वर्षं जुन्या पीसीवर तोच मार्ग नऊ मिनिटांत निघाला.

विंडोज १० वर असाल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, त्या कारणाने पीसी बदलायचा तर जरूर बदला. आणि पीसीतली धूळ कॉम्प्रेसरच्या पाइपने उडवू नका. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं.

प्रश्न : स्क्रीनवर 'बॅट' (बॅटरी संपत आल्याची खूण) लुकलुकत होतं. सुटीच्या दिवशी मेन स्विच बंद करून सेल बदलले. आता अलार्म ३०० येतो, मशीन चालतच नाही. — कळमेश्वर

सेल बदलण्याआधी मेन बंद करणं घरी शिकवलेलं शहाणपण, इथे तेच नडलं. हे सेल मशीन चालू ठेवून बदलायचे असतात. ॲक्सिसच्या (मशीन सरकण्याच्या दिशांच्या) एन्कोडरचे सेल वेगळे आणि कंट्रोलच्या मेमरीचा सेल वेगळा. तुमचे पॅरामीटर शाबूत दिसतात, गेली ती ॲक्सिसची जागा. अलार्म ३०० सांगतोय की मशीनला आपण कुठे उभे आहोत ते आठवत नाही.

ॲक्सिस त्यावरच्या मूळ खुणेवर आणून पॅरामीटर १८१५ च्या चौथ्या बिटाने शून्य पुन्हा ठरवता येतो. पण हे बनवणाऱ्याच्या पुस्तकानुसार, आणि झेडला (वर-खाली सरकणाऱ्या ॲक्सिसला) विशेष जपून. झेडची जागा थोडी जरी चुकली तरी टूल चेंजरचा हात स्पिंडलवर आदळतो. पहिला टूल चेंज एकेक पायरीने, हात इमर्जन्सी बटणावर ठेवून करा.

मशीन चालू झालं की त्याच दिवशी बूट स्क्रीनवरून सगळा एसरॅमचा (सेलवर टिकणाऱ्या मेमरीचा) डेटा कार्डावर उतरवून घ्या. दारामागच्या कप्प्यातल्या पॅरामीटरच्या छापील यादीवर विसंबू नका. कामठी रोडवरच्या एका शेडमध्ये ती यादी मी गरजेच्या रात्री उघडली. ९९०० पासूनच्या पॅरामीटरच्या पानांचा उंदरांनी भुगा केला होता, आणि मशीन पुढचे अकरा दिवस उभं राहिलं.