रेनेसान्स फेअरला नऊवारी नेसून गेलं तर विचित्र दिसेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: शिकागोजवळच्या ब्रिस्टल रेनेसान्स फेअरला, म्हणजे जुन्या इंग्लंडचा देखावा उभा करणाऱ्या जत्रेला, मैत्रिणींबरोबर जाताना पोशाख भाड्याने घ्यावा का, नऊवारी विचित्र दिसेल का, आणि शाकाहारी माणसाचं तिथे पोट भरतं का. मी लिहायला बसले ती मधल्या प्रश्नासाठी.

नेसा. बेलाशक नेसा.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच जणी नेपरव्हिलहून गेलो होतो. चौघींनी ऑनलाइन मखमली झगे आणि कॉर्सेट मागवले. मी आईचं इरकली लुगडं काढलं आणि पायात कोल्हापुरी घातली. गाडीत बसताना एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ही जत्रा 1574 सालच्या इंग्लंडची. तिथे मराठी बाई कुठून येणार? दर ठिकाणी आपलंच काय मिरवायचं?" ते मला फार लागलं. विस्कॉन्सिनची हद्द येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.

जत्रा तिने सांगितलं तशीच आहे. राणी एलिझाबेथ 1574 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टल बंदराला भेट द्यायला आली, तो एकच दिवस विस्कॉन्सिनमधल्या केनोशाजवळच्या माळावर ते उन्हाळ्यात दर शनिवार-रविवारी उभा करतात. सोंगं घेतलेली माणसं दिवसभर सोंग सोडत नाहीत. दारातच टोपीत पीस खोवलेल्या एकाने कमरेत वाकून मला विचारलं, बाईसाहेब कोणत्या मुलखातून आल्या? मी म्हटलं, दख्खन. त्याने लगेच विचारलं, जहाजावर किती महिने काढलेत? आणि मागच्या लोकांना हात करून मला वाट करून दिली. त्याला काही विचित्र वाटलं नाही.

दुपारी घोड्यावरच्या भालाईतांची झुंज बघून निघालो आणि माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. मैत्रीण म्हणाली, "बघ, सांगितलं होतं." मी तशीच पाय ओढत चामड्याच्या एका दुकानात शिरले. साठीचा माणूस, अंगाला चामड्याचा अ‍ॅप्रन, बोटं रंगाने काळी पडलेली. त्याने चप्पल हातात घेतली, उलटी केली, तळाच्या कडेवरून नख फिरवलं आणि विचारलं, "खिळे कुठे आहेत?" मी म्हटलं, एकही नाही, सगळी चामड्याच्या वादीने शिवलेली आहे. मग त्याने वास घेतला आणि कशात कमावलंय ते विचारलं. बाभळीची साल आणि हिरडा, असं मी सांगितलं. हिरडा म्हणजे काय ते समजवायला मला पाच मिनिटं लागली. त्याने शेजारच्या दुकानातल्या बाईला हाक मारून ते टाके दाखवले. स्वतःचा एक पट्टा माझ्या हातात दिला. तो ओकच्या सालीत कमावलेला होता. जुन्या इंग्लंडात चामडं तसंच कमावायचे. मग एक बारीक वादी कापून, आरीने भोक पाडून त्याने अंगठा बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. उजव्या चपलेचं चित्र मात्र वहीत काढून ठेवलं.

त्या जत्रेत मान आहे तो हाताने केलेल्या वस्तूला. काच फुंकणारे, लोहार, कुंभार तिथे डोळ्यांसमोर काम करतात. आमच्या पाच जणींत हातमागाचं आणि हातशिलाईचं जे काही होतं ते माझ्याच अंगावर होतं. पॉलिस्टरच्या मखमलीला कोणी वळूनही पाहिलं नाही. म्हणून भाड्याचा झगा घेऊ नका. पैसे वाया जातात आणि उन्हात त्यात जीव उकडतो.

आता "मराठी बाई कुठून येणार" याबद्दल. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता देते. 1579 मध्ये, म्हणजे राणीच्या त्या भेटीनंतर फक्त पाच वर्षांनी, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री गोव्यात उतरला. एलिझाबेथच्याच राज्यात वाढलेला माणूस. तो मराठी शिकला, इतकी की त्याने ओवीछंदात दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. ते 1616 मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, आणि त्यात त्याने मराठी भाषेची तोंड भरून स्तुती केली आहे. आणि 1574 च्याच सुमाराला इकडे पैठणच्या एकनाथांनी काशीत भागवत पुरं केलं होतं. तेव्हा त्या काळातल्या इंग्रजाला मराठीचं वावडं नव्हतं. वावडं आहे ते आपल्याच माणसांना. 1574 च्या ब्रिस्टलमध्ये मराठी बाई नव्हती हे मला मान्य आहे. पण पंख लावलेल्या पऱ्या आणि वायकिंगही नव्हते, आणि ते तिथे ढिगाने फिरत असतात. त्यांना कोणी हटकत नाही.

शाकाहाराचं म्हणाल तर भाजलेलं कणीस, प्रेट्झेल, दालचिनी-साखरेतले बदाम मिळतात. टर्कीच्या तंगड्यांचा वास सगळीकडे असतो, सवय नसेल तर त्रास होईल. सकाळी घरून नीट जेवून निघा.

एक सांगायचं राहिलं. नऊवारी पहिल्यांदाच नेसणार असाल तर आदल्या दिवशी घरात नेसून जिना चढ-उतार करा, कासोटा सुटत नाही ना बघा. धूळ फार उडते, म्हणून काठ घोट्याच्या वर ठेवा. कोल्हापुरी नवी असेल तर आठवडाभर आधी घालून पायाला बसवून घ्या. आणि पाऊस सांगितला असेल तर ती घालूच नका. झाडाच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं एकदा चिखलात भिजलं की फुगतं, आणि मग तो दुकानदारसुद्धा काही करू शकणार नाही.