म्युझिक रेडिओ ७७ची गाणी कुठे गेली?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. ऑफिसमधले सिनियर लोक ‘म्युझिक रेडिओ ७७’चं नाव काढलं की हळवे होतात, पण ७७० एएम लावलं तर बहुतेक वेळ राजकारणावरच्या गप्पा. एवढं गाजलेलं स्टेशन गाणी सोडून गप्पांकडे कसं वळलं?

उत्तर : ताई, हे न्यूयॉर्कचं डब्ल्यूएबीसी. १९६० च्या शेवटी पॉप गाण्यांकडे वळलं, आणि १९६३ पासून रिक स्क्लार प्रोग्रॅम डायरेक्टर झाले तेव्हा त्याला खरा रंग चढला. त्यांचा नियम एकच, मोजकीच गाणी आणि तीच तीच परत, नंबर एकचं गाणं तर साधारण तासाभरात पुन्हा यायचंच! रेकॉर्डच्या दुकानांत फोन करून काय खपतंय ते विचारायचे आणि त्यावरून आठवड्याची लिस्ट ठरायची (आपल्या बिनाका गीतमालेतही विक्री बघायचेच की). त्यात ५०,००० वॉटचा ट्रान्समीटर, तोही तुमच्याच न्यू जर्सीत, लोडायला, त्यामुळे रात्री एएमच्या लहरी आकाशातून परतून कुठल्या कुठे पोचायच्या आणि लांब लांबच्या राज्यांतली पोरंसुद्धा न्यूयॉर्कचं स्टेशन ऐकायची.

पण नुसत्या लिस्टवर स्टेशन चालत नाही, माणसं लागतात. डॅन इन्ग्रम, कझिन ब्रूसी, रॉन लंडी हे इथले डीजे, आणि त्यांच्या आवाजाला दिलेला तो घुमारा. ९ नोव्हेंबर १९६५ ला संध्याकाळी न्यूयॉर्क अंधारात गेलं ना, त्याच्या जरा आधी इन्ग्रम ऑन एअर होते आणि गाणं स्लो वाजतंय हे त्यांच्या लक्षात आलं, तसं ते बोललेही. गाणं वाजवणाऱ्या मशीनच्या मोटरचा स्पीड विजेच्या फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला किती सायकल, त्यावर) ठरायचा, ती घसरली तसं गाणं रेंगाळलं, म्हणजे दिवे जायच्या आधीच ग्रिडचा आजार रेडिओवर ऐकू आला होता. मला तर या स्टेशनच्या इतिहासातला हाच प्रसंग सगळ्यात भारी वाटतो.

मग घसरण का? मुख्य कारण एफएम. स्टिरिओ, खरखर नाही, गाण्यांसाठी एएमपेक्षा कितीतरी सरस. १९७८ मध्ये डब्ल्यूकेटीयू हे न्यूयॉर्कचंच दुसरं स्टेशन एफएमवर डिस्को घेऊन आलं आणि बघता बघता रेटिंगमध्ये पुढे गेलं, मग इथेही डिस्को वाढवला तर जुने ऐकणारे नाराज झाले आणि नवे काही एफएम सोडून आले नाहीत. माझ्या मते डिस्को वाढवणं ही घाई झाली, पण ती केली नसती तरी दोन-चार वर्षंच जास्त मिळाली असती, कारण गाणी ऐकायची जागाच बदलली होती. बोलण्याला मात्र एएम पुरतं, म्हणून १० मे १९८२ ला दुपारी १२ वाजता गाणी थांबली आणि टॉक सुरू झालं. शेवटच्या शोला इन्ग्रम आणि लंडी दोघं होते, शेवटचं गाणं जॉन लेननचं ‘इमॅजिन’.

आणि हो, कझिन ब्रूसी २०२० मध्ये शनिवारचा गाण्यांचा शो घेऊन याच ७७० वर परत आले.