अकरा पानांची पूर्वकथा आणि टेबलावर गप्प राहणारे पात्र

तुम्ही लिहिले आहे की डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून पात्रे निभावण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील 2014 च्या नियमांनुसार तुम्ही एक हाफ-एल्फ रोग (अर्धा एल्फ वंशाचा चोर) तयार केला, अनाथपण, गुरूचा खून आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याची शपथ अशी अकरा पानांची पूर्वकथा लिहून डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हाती दिली, आणि तरीही तीन सत्रे उलटल्यावर हे पात्र कुलपे उघडण्यापलीकडे काहीच करत नाही. उलट ज्या सोबत्याने चार ओळीही लिहिल्या नव्हत्या, त्याचा फायटर (लढवय्या) मात्र सगळ्यांना प्रिय झाला आहे. (रोग हा शब्द देवनागरीत लिहिताना मला दर वेळी हसू येते, पण क्लासचे, म्हणजे पात्राच्या पेशाचे, नाव तेच आहे.) पूर्वकथा आणखी तपशीलवार करावी का, असा तुमचा प्रश्न आहे. करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तुमच्या पात्रात कमतरता आहे ती भूतकाळाची नसून अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींची आहे. नमनाला घडाभर तेल घालून झाले आहे. आता इतरांना हात घालता येईल असे काहीतरी त्याच्यापाशी असायला हवे.

प्रथम तुमची कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे लिहिलेला कागद, पाहू, कारण ती पूर्वकथेपेक्षा अधिक बोलकी आहे. तुम्ही 15, 14, 13, 12, 10 आणि 8 हे ठरलेले सहा आकडे वापरले, त्यांतला 15 डेक्स्टेरिटीला (चपळाईला) दिला आणि 8 विझडमला (शहाणपणाला) टाकला. विझडमवरच चालणाऱ्या इनसाइट या कौशल्यात, म्हणजे माणसांच्या पारखीत, प्रावीण्य घेतलेले नाही, म्हणजे समोरच्या माणसाचा हेतू ओळखताना फाशातून एक वजा होतो. गाठायचा आकडा 15 असेल तर वीस पैलूंच्या फाशावर 16 किंवा त्याहून अधिक यावे लागते, म्हणजे सरासरी चार वेळांतून एकदाच त्याला खरेखोटे कळते. आणि तुमच्या अकरा पानांत मात्र तो ‘एका नजरेत माणूस ओळखणारा’ आहे! ही विसंगती तुम्ही चूक म्हणून खोडून टाकू नका, कारण याच विसंगतीत मला तुमचे खरे पात्र दिसते. ज्याला माणसे ओळखता येत नाहीत, ज्याने प्रत्येक वेळी चुकीच्याच माणसावर विश्वास टाकला, आणि ज्याने अखेरीस कंटाळून ‘आता कोणावरच नाही’ अशी शपथ घेतली, परंतु आपल्याला माणसे कळतात हा भ्रम मात्र सोडलेला नाही, असा तो असेल तर शपथ तीच राहते आणि तिचे कारण बदलते. असा माणूस टेबलावर गप्प बसत नाही, तो आत्मविश्वासाने चुकीचे निदान करतो, आणि ते पाहायला सगळ्यांना आवडते. सर्वांत मोठ्या आकड्यावरून पात्राचा धंदा कळतो, स्वभाव मात्र बहुतेक वेळा सर्वांत लहान आकड्याजवळ सापडतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट जिवंत माणसांची. तुमच्या पूर्वकथेतील आई, वडील, गुरू आणि बहीण हे चौघेही मेलेले आहेत. मेलेल्या माणसांचे डीएमने काय करायचे? ती दार ठोठावत नाहीत, उसने मागत नाहीत, रुसत नाहीत. मी स्वतः पूर्वी एक ड्वार्फ (बुटक्या वंशातले पात्र) रचला होता, ज्याचे सगळे कुळ एका ड्रॅगनने जाळले होते. तो ड्रॅगन आम्हाला भेटण्याइतके आम्ही बलवान होईपर्यंत दीड वर्ष गेले आणि तोवर त्या शोकाचा उल्लेख करून करून मीच थकलो. त्यानंतरच्या पात्राबद्दल मी एवढेच लिहिले होते की एका खाणावळवालीचे चाळीस सोन्याचे देणे बुडवून तो गावातून पळाला आहे. नवव्या सत्रात ती बाई दुसऱ्याच शहराच्या बाजारात समोर उभी राहिली, तिने माझ्या सोबत्यांसमोर मला नाव घेऊन हाक मारली, आणि पुढचे तीन तास आम्ही तलवार उपसली नाही. जळालेल्या कुळापेक्षा त्या चाळीस नाण्यांनी अधिक खेळ दिला.

तुम्हाला तर असे माणूस शोधण्याचीही गरज नाही. तुम्ही क्रिमिनल (गुन्हेगार) हे बॅकग्राउंड, म्हणजे पात्राची पार्श्वभूमी, घेतले आहे, आणि 2014 च्या नियमांत त्याच्यासोबत गुन्हेगारी जगातला एक विश्वासू संपर्क मिळतो. तुमच्या शीटवर ती ओळ नुसतीच उतरवलेली आहे. त्याला नाव द्या, एखादा धंदा द्या, आणि तो तुमच्याकडून काय अपेक्षितो ते ठरवा. कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या माणसाचा एक विश्वासू माणूस नियमानेच ठरवून दिलेला आहे, यापेक्षा सोयीचे काय हवे?

दोषाविषयी थोडे सावधपणे लिहितो. त्याच बॅकग्राउंडमध्ये स्वभावविशेषांसाठी आठ आणि आदर्श, बंध व दोष यांसाठी प्रत्येकी सहा पर्याय दिलेले आहेत. ते फासे टाकून निवडले तरी हरकत नाही, परंतु दोष असा घ्यावा की त्याची किंमत तुमच्या पात्राला मोजावी लागेल. मौल्यवान वस्तू दिसली की हात शिवशिवतात, हा दोष सोबत्यांच्याच पिशव्या कापायला वापरला आणि वर ‘माझे पात्र असेच वागेल’ असे म्हटले, तर किंमत इतर खेळाडू मोजतात. अशा वागण्याने खेळणारे दोन गट मोडलेले मी पाहिले आहेत. दोष प्रामाणिकपणे निभावल्याबद्दल डीएम इन्स्पिरेशन देऊ शकतो, ते खर्चून एखादा फासा दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो, आणि ते दुसऱ्या खेळाडूलाही देता येते. ही शेवटची तरतूद अनेक जण विसरतात; तुमच्या एकलकोंड्याने ती एकदा वापरून पाहावी.

एकलकोंडेपणाबद्दल एकच प्रश्न विचारतो, आणि त्याचे उत्तर खेळापूर्वीच्या बैठकीत, म्हणजे सेशन झीरोमध्येच ठरले असते तर बरे झाले असते: उद्या सकाळी तो या लोकांसोबतच का निघेल? ‘डीएमने सांगितले म्हणून’ हे उत्तर धरता येणार नाही. त्या फायटरच्या खेळाडूशी बोला. दोघांत एखादा जुना प्रसंग ठेवा, ज्यात तुमच्या रोगने त्याला ओळखण्यात चूक केली होती.

तुम्ही मराठीतून खेळता असे लिहिले आहे, म्हणून एक साधन सुचवतो, जे इंग्रजीतून खेळणाऱ्यांना मिळत नाही. तुमचे पात्र कोणाला तू म्हणते, कोणाला तुम्ही आणि कोणाला आपण, हे लिहून ठेवा. सरदाराला सहज अरे-तुरे करणारा आणि भिकाऱ्याला अहो-जाहो करणारा चोर पहिल्याच वाक्यात ओळखू येतो. आमच्या टेबलावर एक पॅलाडिन (धर्मयोद्धा) सगळ्यांना ‘आपण’ म्हणत असे. सतराव्या सत्रात, मरणाऱ्या सोबत्याला तो ‘तू उठ’ म्हणाला, तेव्हा कोणालाही काही समजावून सांगावे लागले नाही. डीएमनेही या बाबतीत साथ दिली तर उत्तमच.

दीर्घ पूर्वकथेचा मोह मला समजतो. परंतु पहिल्या लेव्हलच्या पात्राच्या नावावर फारसे पराक्रम जमलेले नसतात. 1978 च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत तर पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (किती मार सोसता येईल याचे गुण) चार पैलूंच्या एका फाशावर ठरत. तो पहिल्याच खोलीत मरण्याची इतकी शक्यता असे की त्याचा इतिहास आधी लिहिण्याची सवड कोण काढणार? जो तगला, त्याचा इतिहास खेळताना घडत गेला.

तेव्हा अकरा पानांचे एक पान करा. त्यावर तो संपर्क, एक देणे, एक चुकलेली पारख आणि फायटरसोबतचा जुना प्रसंग एवढेच ठेवा, आणि उरलेली दहा पाने स्वतःपाशी राहू द्या, कारण ती लिहिल्याने तुम्हाला त्याचा आवाज सापडला असेलच. डीएमला ते पान देताना, यातले काहीही मला न विचारता वापरा, असे सांगा. पुढच्या सत्रात कोणी अनोळखी व्यापारी भेटला तर इनसाइटचा फासा तुम्हीच मागून घ्या. तो बहुधा कमी पडेल, आणि तेव्हा सोबत्यांकडे वळून शांतपणे सांगा, ‘माणूस सरळ आहे, मला कळते.’