सगळं आहे, मग छान का वाटत नाही?

प्रश्न : ताई नमस्कार. मी बदलापूरला राहतो, वय ४१, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. वन आरकेमधून टू बीएचकेमध्ये आलो, मुलगी सातवीत आहे, हुशार आहे, आईची तब्येत बरी, हप्ते वेळेवर जातात, म्हणजे तक्रार करायला जागाच नाही. पण आतून छान असं काही वाटतच नाही. वास्तुशांत झाली तेव्हा दोन-तीन महिने भारी वाटलं मग ते पण गेलं, प्रमोशनचा आनंद तर पंधरा दिवसही टिकला नाही. रात्री मोबाईल घेऊन पडतो आणि रील्स बघत बारा वाजतात, कोणी लडाखला तर कोणाची नवी गाडी. प्रवासाचा त्रासही आता कमी झालाय, आधी सेकंड क्लासला लटकत जायचो, ग्रुप होता आमचा, आता एसी लोकलचा पास आहे आणि ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस. बायको विचारते नक्की काय कमी आहे तुम्हाला, तर मला सांगता येत नाही. मी कृतघ्न आहे का? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : नाही हो, कृतघ्न अजिबात नाही. हा शब्द आधी डोक्यातून काढा कारण त्याने माणूस अजून गप्प होतो.

फ्लॅटचा आनंद ओसरला ते तुमच्या एकट्याचं नाही, माणसाचं मन चांगल्या गोष्टीला फार पटकन सरावतं. फिलिप ब्रिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेत लॉटरी जिंकलेल्या लोकांना प्रश्न विचारले होते. ते लोक इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हतेच, पण मला जास्त लागलं ते पुढचं, की मित्राशी गप्पा मारणं, सकाळचा नाश्ता अशा रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती. अभ्यास छोटा होता, लॉटरीवाले जेमतेम २२, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला नको बांधायला, पण तुमचं पत्र वाचताना तोच आठवला.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही त्रास कमी झाला हे सांगताना जाता जाता लिहिलीत. “ग्रुप होता आमचा.” बस, एवढंच, पुढे काहीच नाही. मी ती परत परत वाचली.

लोकलचा ग्रुप म्हणजे काय हे बदलापूर-कर्जत-कसाऱ्याच्या माणसाला मी काय सांगणार. कोणी टाळ काढतं, कोणी पत्ते, कोणाच्या घरचे मोदक डब्यात फिरतात, दसऱ्याला झेंडूची तोरणं लावून डब्याची पूजा होते, आणि एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी त्याला फोन जातो. ही माणसं ना नातेवाईक ना ऑफिसची, त्यांना तुमच्या प्रमोशनशी काही घेणंदेणं नाही, आणि म्हणूनच त्यांच्यात माणूस मोकळा होतो असं मला मनापासून वाटतं. मग २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाली, ऑफिसच्या वेळेला सगळ्यांना परत चढता येईपर्यंत २०२१ चा ऑगस्ट उजाडला आणि तोही दोन डोस झालेल्यांनाच, तोवर कोणाचं ऑफिस बदललं, कोणाचं वर्क फ्रॉम होम कायमचं झालं. असे कितीतरी ग्रुप भांडण न होता, कोणी निरोप न घेता संपले, तुमचाही असाच संपला असणार. घरातलं माणूस गेलं तर लोक भेटायला तरी येतात, पण याचं दुःख करायचं असतं हेच कोणाला सुचत नाही.

शिकागोत निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी लोकल ट्रेनच्याच प्रवाशांवर प्रयोग केला होता, २०१४ मध्ये छापून आला. काहींना सांगितलं शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं एकटे बसा, काहींना नेहमीसारखं जायला सांगितलं. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं एकटं बसणंच बरं, प्रत्यक्षात ज्यांनी गप्पा मारल्या त्यांचा प्रवास सगळ्यात छान गेला. म्हणजे आपल्याला कशाने बरं वाटेल याचा आपला स्वतःचाच अंदाज चुकतो. एसी डबा, कानात इअरफोन, हे सगळं आपण सुख म्हणून घेतो आणि ते आहेही, गर्दीत लटकून जीव धोक्यात घाला असं मी कधीच म्हणणार नाही, पण त्या सोयीबरोबर तुमची रोजची दीड तासाची माणसंही गेली, त्यांची जागा रात्रीच्या रील्सने घेतली, आणि रीलमधला माणूस तुम्हाला “काय रे, आज गप्प का?” असं विचारत नाही.

बायकोला हेच सांगा. काय कमी आहे ते बहुतेक हेच आहे.

आता करायचं काय. जुन्या ग्रुपमधल्या एकाला फोन करा, मेसेज किंवा फॉरवर्ड नको, फोनच, आणि विचारा तो कुठल्या दिवशी कुठली गाडी पकडतो. तीनपैकी एक दिवस त्याच्याशी जुळवा. अगदीच जुळत नसेल तर तुमच्या एसी डब्यात रोजची तीच तोंडं असतील, त्याच दाराने चढत राहा, पहिलं बोलायला अवघड जाईल पण कोणीतरी सुरुवात करायची वाटच बघत असतं. घरून काम असतं त्या दिवशी संध्याकाळी खाली उतरा, सोसायटीत कॅरम असेल, गणपतीची मीटिंग असेल, तिथे जाऊन बसा. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा, उशाशी नको. रील्स बंद करा असं मी म्हणत नाही, कारण रिकामी जागा भरली की त्या आपोआप कमी होतात असा माझा अनुभव आहे.

आणि एक, हे मात्र गंभीरपणे घ्या. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, मुलीशी बोलायचीही इच्छा होत नसेल आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर ग्रुपची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.