मुलीच्या शिक्षणाची ठेव आणि कॅमेलियाचं जुनं चित्र

वाचक ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या छापील चित्रांच्या एका विक्रेत्याकडे त्यांना कॅमेलियाच्या लाल फुलाचं, हाताने रंगवलेलं, फ्रेम केलेलं चित्र दिसलं. खाली 1788 साल आहे. विक्रेता म्हणतो, मूळ आहे, दुर्मीळ आहे, चार-पाच वर्षांत किंमत दुप्पट होईल. ते घ्यायचं तर मुलीच्या उच्च शिक्षणासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतला साधारण पाचवा हिस्सा काढावा लागेल. शिक्षणाचे पैसे चार वर्षांनी लागतील. शेवटी त्यांनी लिहिलंय, "खरं सांगू का, मला ते चित्र फार आवडलंय."

नमस्कार ताई,

ठेव मोडू नका. चित्र घ्यावं की नाही हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कदाचित 'घ्या' असंही येईल. पण तुमच्या पत्रात हे दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत, आणि विक्रेत्याचा फायदा त्या गुंत्यातच आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. साल आणि वर्णन पाहता हे विल्यम कर्टिस यांच्या 'बोटॅनिकल मॅगझिन'मधलं पान असावं. हे नियतकालिक लंडनला 1787 साली सुरू झालं. परदेशांतून आलेल्या, इंग्रजांना अपूर्वाईच्या वाटणाऱ्या बागेतल्या झाडांची चित्रं आणि माहिती त्यात येई. कॅमेलिया हे पूर्व आशियातलं झुडूप, आपल्या चहाच्या झुडपाचं सख्खं भावंड. तेव्हाच्या युरोपात त्याचं मोठं कौतुक होतं. चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, काळ्या शाईत छापायचं आणि मग रंगाऱ्यांनी बसून एकेक प्रत जलरंगांनी रंगवायची, अशी पद्धत होती. छपाईचं तंत्र पुढे बदललं, पण हाताने रंगवणं 1948 पर्यंत चालू राहिलं. हे कष्ट मला मनापासून थोर वाटतात. तुम्हाला ते चित्र आवडलं यात काहीच नवल नाही.

मात्र हे नियतकालिक सुरुवातीलाच तीन हजारांच्या आसपास खपत होतं. म्हणजे हेच चित्र तितक्या वेळा रंगवलं गेलं. पुढे मागणी राहिली म्हणून सुरुवातीचे खंड पुन्हाही छापले गेले आणि पानावरचं साल जुनंच राहिलं. शिवाय जुने खंड सुटे करून त्यांतली पानं एकेक विकण्याची रीत आहे, त्यामुळे सुटी पानं बाजारात येतच राहतात. चित्र मूळ असेलही. दुर्मीळ म्हणता येणार नाही. या क्षेत्रात मोठी किंमत येते ती मोठ्या आकाराच्या, मोजक्या प्रती निघालेल्या, नामवंत चित्रकाराच्या आणि रंग टिकलेल्या कामाला. पुस्तकाच्या आकाराचं नियतकालिकातलं पान त्या रांगेत बसत नाही.

आता हिशेब. समजा चित्राची किंमत 100 आहे. उद्या तुम्ही ते विकायला गेलात तर व्यापारी 100 देणार नाही. त्याला जागा, वेळ आणि नफा काढायचा असतो, म्हणून निम्मे किंवा त्याहून कमी मिळतील असं धरूनच चालायचं. लिलावात दिलंत तर लिलावगृह विकणाऱ्याकडून दलाली घेतंच, वर घेणाऱ्याकडूनही अधिभार घेतं. मोठ्या लिलावगृहांत तो बोलीच्या चौथ्या हिश्शाएवढा किंवा जास्तही असतो. घेणारा तो अधिभार मनात धरूनच बोली लावतो, म्हणजे त्याचा भार शेवटी तुमच्यावरही येतो.

तेच 100 ठेवीत राहिले आणि व्याज वर्षाला 6 टक्के धरलं, तर चार वर्षांनी सुमारे 126 होतात. चित्र विकून 126 हातात यायचे, आणि हातात निम्मेच येणार, तर दुकानातली किंमत 252 व्हायला हवी. म्हणजे सलग चार वर्षं, दरवर्षी 26 टक्के वाढ. विक्रेत्याचं 'दुप्पट' खरं ठरलं तरी तुमच्या हाती 100च येतील, व्याज बुडालेलंच. त्यात मुदतीआधी ठेव मोडल्याचा दंड धरलेला नाही.

शिवाय प्रवेशाचं शुल्क ठरलेल्या तारखेला भरायचं असतं. चित्राला गिऱ्हाईक त्या आठवड्यात मिळेल याची हमी कोण देणार? ज्या पैशाची तारीख ठरली आहे तो पैसा अशा वस्तूत अडकवू नये, या मतावर मी ठाम आहे.

मग चित्र घ्यायचंच नाही का? घ्या, पण खर्च म्हणून. प्रवास, दागिना, घरातलं आवडीचं सामान यांसाठी जो पैसा तुम्ही बाजूला काढता, त्यातून. आज तेवढा नसेल तर काही महिने साठवा. तोवर हे विकलं गेलं तरी याच पानाची दुसरी प्रत पुढेमागे मिळेल. इतक्या प्रती निघाल्याचा हा तुमच्यासाठीचा फायदा. कर्ज काढून किंवा हप्त्यांवर मात्र नको.

घेण्याआधी ते फ्रेममधून बाहेर काढून दाखवायला सांगा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यावर एकसारख्या, आखीव ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची यांत्रिक छपाई आहे. तांब्याच्या पत्र्याच्या दाबाने कागदावर चौकटीसारखा खोलगट ठसा उमटतो. तो दिसतो का बघा. कडा फार छाटल्या असतील तर तो गेलेलाही असू शकतो, आणि अशा छाटणीने किंमत उतरते. कागद उजेडासमोर धरा. कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या, उजेडात दिसणाऱ्या खुणेत (वॉटरमार्क) 1788 नंतरचं साल निघालं तर ती नंतरची छपाई. तपकिरी डाग, मागे डकवलेला पुठ्ठा, फिकट पडलेला लाल रंग, या सगळ्यांनी भाव कमी होतो. आणि फ्रेम वेगळी काढून फक्त कागदाची किंमत विचारा; बऱ्याचदा फ्रेमच निम्मा भाव खाते. घरी आणल्यावर ऊन लागणाऱ्या भिंतीवर लावू नका, आम्लमुक्त माउंटवर (फ्रेममध्ये चित्राला लागून असलेल्या, आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यावर) खर्च करा. जलरंग एकदा उडाले की परत येत नाहीत.

विक्रेत्याला आजच एक प्रश्न विचारा: "हे चित्र मी वर्षभरात परत आणलं तर तुम्ही किती द्याल? पावतीवर लिहून द्याल का?" त्याच पावतीवर प्रकाशन, छपाईचा काळ आणि रंग त्याच काळातले की नंतर भरलेले, हेही मागा. तो जो आकडा लिहून देईल, तेवढंच या चित्राचं मोल तुमच्या मालमत्तेच्या यादीत धरा. लिहून द्यायला तयार नसेल तर यादीत शून्य लिहा, आणि त्या शून्यानंतरही चित्र हवंसं वाटलं तर खुशाल घ्या.